कुंकू लागलेल्या दुर्बिणीची वॉरंटी

वस्तू नीट चालत असली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. बिघडली की किस्से सुरू. त्यातून ती परदेशातून मागवलेली, वॉरंटीत असलेली आणि पुसेगावच्या गच्चीवर बिघडलेली असेल, तर किस्से ठेवायला जागा पुरत नाही! एक मैत्रीण म्हणते, "रेणुका, तो नानांच्या वडिलांचा सांग ना." दुसरी म्हणते, "नाही, आधी महालक्ष्म्यांचा." म्हणून म्हटलं, एकदाच सगळे ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

आधी माणसं सांगते. थोडीच आहेत. नाना हे पुसेगावचे मोठे शेतकरी आणि आमच्या आकाशमंडळाचे अध्यक्ष. गच्ची त्यांची, दुर्बिणीत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच. मग त्यांच्या घरच्या काकू. यांच्यापुढे नानांचा शेवटचा शब्द शेवटून दुसरा होतो. जोशीकाका म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, मंडळाचे सचिव. आणि मी. हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवते आणि दर शनिवारी नानांच्या गच्चीवर पुसेगावच्या मुलींना आकाश दाखवते. मंडळात तरुण अशी मी एकटीच. त्यामुळे जड वस्तू उचलायच्या, ॲप डाउनलोड करायचं आणि मत द्यायचं नाही, अशी माझी कामं ठरलेली.

दुर्बीण परदेशातून मागवायचा हट्ट माझा. युरोपातली एक छोटी कंपनी होती, यंत्र उत्तम होतं आणि वॉरंटी दोन वर्षांची होती.

नाना म्हणाले होते, "नांदेडला काहून घेत न्हाई? बिघडलं तर दुकानात जाऊन भांडता तरी येतं!"

मी म्हटलं होतं, "नाना, चांगली वस्तू घेऊ. म्हणजे भांडावंच लागणार नाही."

हे वाक्य मला ती बिघडल्यावर दोन महिने रोज ऐकवण्यात आलं.

* * *

दुर्बिणीची नळी ज्या मोटरवाल्या स्टँडवर बसते, त्याला माउंट म्हणतात. फोनवर 'शनी' दाबलं की माउंट नळी फिरवतं आणि बरोबर शनीवर नेऊन थांबवतं. निदान तसं ठरलेलं आहे.

पोळ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी पावसानं उघडीप दिली. गच्चीवर मुली रांगेत उभ्या. शनीची कडी बघायला मिळणार म्हणून एकीनं तर घरून आजीलाच आणलेलं. नाना अध्यक्ष या नात्यानं पश्चिमेच्या कठड्याजवळ खुर्ची टाकून बसलेले.

मी 'शनी' दाबलं. शनी पूर्वेला होता. नळी निघाली पश्चिमेला! घुर्रघुर्र करत वळली, खाली आली, आणखी खाली आली आणि नानांच्या बरोबर छातीवर येऊन थांबली. फोनवर अक्षरं उमटली: शनी सापडला.

कोणी हसेना. नाना नळीकडे बघतायत, नळी नानांकडे. मी घाईघाईनं रद्द केलं, परत दाबलं. नळीनं एक गिरकी घेतली आणि पुन्हा नानांवर!

जोशीकाका शांतपणे म्हणाले, "यंत्र आहे नाना. त्याला भीडभाड नसते."

मग मात्र गच्ची फुटली. आजी तर कठड्याला धरून हसत होत्या.

नाना उठले. "हसा. पर ऐकून ठेवा. दिवाळीपर्यंत हे यंत्र सुदं झालं तर ठीक. न्हाईतर कपाटात घालून कुलूप लावतो, अन् शनिवारचा वर्गबी बंद!"

आता हसणं माझं थांबलं. पुसेगावात दिवेलागणीनंतर मुलींनी घराबाहेर पडायला एकच कारण चालत होतं. नानांच्या गच्चीवर आकाश बघायला जाणं. ते एक दार मी इतक्या कष्टानं उघडलेलं. एका बिघडलेल्या मोटरसाठी ते बंद होऊ देणार होते का मी? मुळीच नाही!

* * *

कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार लिहायला एक चौकोन होता. मी तीन ओळी लिहून पाठवणार, तेवढ्यात जोशीकाकांनी हात वर केला. "मंडळाचा पत्रव्यवहार सचिव करतो."

त्यांनी तो केला. इंग्रजीत, दोन पानं. वर विषय, खाली संदर्भ. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की' याचं इंग्रजी इतकं भारदस्त झालं होतं की वाचताना मीच उभी राहिले. मंडळाची स्थापना, उद्दिष्टं, कार्यकारिणी, जिल्ह्याचं भौगोलिक स्थान. शेवटी 'प्रत माहितीस्तव सादर' म्हणून तहसील कचेरी आणि पंचायत समिती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. एकाच ओळीचं. "आपले आभार. दुर्बिणीला नेमकं काय झालं आहे?"

दोन पानांत तेवढंच राहिलं होतं!

मी भडकले. जोशीकाका मात्र चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्याच पत्रात सगळं सांगायचं नसतं गं. मग पुढचा पत्रव्यवहार कशावर करायचा?"

* * *

त्यानंतर कंपनीनं व्हिडिओ कॉल ठरवला. आपल्याकडे टळटळीत दुपार, त्यांच्याकडे सकाळ.

नाना म्हणाले, "मी बोलतो. पोरीसोरीचं कोन ऐकतंय बाहेरच्या देशात?" कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर उपरणं टाकून ते फोनसमोर बसले. भाषांतराला मी.

पडद्यावर आली माझ्याच वयाची एक मुलगी. केस वर बांधलेले, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर. नाव हेलेना.

नानांनी तिला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाले, "तिला म्हनावं, लेकी, तकलीफ नगं घेऊ. तुज्या सायबाला बलाव."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. जरासुद्धा मऊ केलं नाही.

हेलेना म्हणाली, "दुरुस्ती विभागाची प्रमुख मीच आहे. माझ्या वर एक वयस्कर गृहस्थ आहेत, कंपनीचे मालक. पण त्यांना आम्ही यंत्रांना हात लावू देत नाही."

याचं भाषांतर मी फार सावकाश केलं. एकेक शब्द सुटा करून. दोनदा.

नाना उपरणं सारखं करत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "रेणुका, तिला इचार गं, त्यान्ला कसं आवरलं?"

* * *

हेलेनानं सीरियल नंबरचा फोटो मागितला. तो माउंटच्या बाजूला एका छोट्या पट्टीवर असतो. मी बघायला गेले तर पट्टीच दिसेना.

आपल्याकडे दान दिलेली वस्तू नावाशिवाय राहत नाही. देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन शब्द असतात. पंखा बंद झाल्याशिवाय दाता कळत नाही! मग दुर्बीण कशी सुटणार? नानांनी हिंगोलीहून पेंटर आणला होता. पेंटरनं सगळं यंत्र फिरून बघितलं आणि लिहायला सपाट अशी एकच जागा निवडली. पिवळ्या ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं: 'कै. दत्तराव यांच्याकडून सप्रेम भेट'. दत्तराव म्हणजे नानांचे वडील. नंबराची पट्टी होती 'कै.'च्या खाली.

मी थिनर आणि कापसाचा बोळा घेऊन आले. नाना आडवे आले. "माज्या बापाचं नाव हाय त्ये!"

"नावाला हात लावत नाही, नाना. फक्त पहिलं अक्षर. नंबर नाही दिसला तर वॉरंटी गेली समजा."

घासलं. नंबर स्वच्छ वर आला. फोटो पाठवला. मी खूश!

नाना मात्र चष्मा लावून कितीतरी वेळ ते वाचत बसले. 'दत्तराव यांच्याकडून सप्रेम भेट'. मग मान वर करून म्हणाले, "काय पोरगी हाय! एका बोळ्यात माजा बाप जित्ता केलास!"

मी म्हटलं, "मग वर्ग बंद करायचा का, ते त्यांनाच विचारू."

नानांनी तोंड फिरवलं. पण मिशी हलली. ती मी बघितली.

* * *

त्या फोटोनंच पुढचं संकट आणलं. हेलेनाचा मेल आला. "नंबर मिळाला. पण माउंटच्या खाचांमध्ये लाल थर दिसतो आहे. हा गंज असावा. ओलाव्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

माझं डोकं तापलं, पण हेलेनावर नाही. आदल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीच्या दिवशी, नवी कोरी दुर्बीण ट्रॅक्टर, विळे आणि कुऱ्हाडीच्या शेजारी ठेवली होती. आणि काकू, नाना, जोशीकाका अशा तिघांनी तिला हळद-कुंकू वाहिलं होतं. मी तेव्हाच ओरडले होते, "अहो, भिंगं आहेत त्यात!" त्यावर तडजोड निघाली, "बरं, भिंगाला नगं. खालच्या स्टँडला लावू." आणि खालच्या स्टँडला तिघांच्या तीन मुठी!

बैठक बसली. जोशीकाकांचं मत पडलं, "प्रकरण विचाराधीन आहे, असं कळवू." नानांचं मत, "काही सांगू नगं. नुसतं म्हन, गंज न्हाई."

"मी खरं तेच लिहिणार," मी म्हटलं आणि लिहिलं. "हा गंज नाही, हळद-कुंकू आहे. कोरडी पूड, फक्त बाहेरून. आमच्या भागात कोणतंही यंत्र याशिवाय कामाला लागत नाही. ही आमच्याकडची कमिशनिंगची, म्हणजे यंत्र कामाला लावण्याची पायरी समजा. यानं यंत्रं बिघडत असती तर आमच्या जिल्ह्यात एकही यंत्र चालू नसतं. पुरावे सोबत जोडते आहे."

पुरावे म्हटल्यावर मात्र ज्येष्ठांच्या अंगात आलं! नाना ट्रॅक्टरचा, मळणीयंत्राचा, बोअरच्या स्टार्टरचा फोटो काढून आले. जोशीकाकांनी स्कूटर आणि कॉम्प्युटर दिला. काकूंनी शिलाई मशीन आणि मिक्सर पुढे केला. शिवाय गावातल्या पिठाच्या गिरणीचा व्हिडिओ, आवाजासकट. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू, सगळं चालू!

दोन दिवस काही उत्तर नाही. नाना गच्चीच्या कपाटाला तेल देऊ लागले. मला दिसेल अशा बेतानं.

मग हेलेनाचा मेल आला. "आमच्या इंजिनिअरांनी सगळे फोटो बघितले. शंका मिटली. माउंट आमच्याकडे पाठवा, वॉरंटीत करू. एक विचारायचं आहे. तो मिक्सर किती जुना आहे?"

काकूंनी पदर सावरला. "माज्या लग्नातला हाय म्हनावं. अन् अजून चटणीला बराबर हाय!"

* * *

माउंट पाठवायचं ते मूळच्या पॅकिंगमध्येच, अशी अट होती. खोकं माळ्यावर सापडलं. आतला पांढरा फोम गायब!

तो फोम आकारानं पायऱ्या-पायऱ्यांचा होता. आणि ते दिवस महालक्ष्म्यांचे. मी माजघरात गेले तर ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी माझ्या फोमवर थाटात उभ्या! फोमला सोनेरी कागद, कडेला जरीची लेस, मध्ये आरशाच्या टिकल्या.

नाना उंबऱ्यातून म्हणाले, "आता बोल की. देवीच्या पायाखालचं वढतीस काय?"

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "लेकरा, उद्या महालक्ष्म्या उठल्या की घेऊन जा. पर देवीचं हाय, वरबाडू नगं. जसं हाय तसं दे."

वरबाडता आलंही नसतं. काकूंचा डिंक म्हणजे डिंक. कागद ओढला की फोम तुटे. शेवटी आमचं माउंट सोनेरी कागदात, जरीच्या लेसमध्ये आणि आरशांच्या टिकल्यांत बसून युरोपला गेलं.

पोचल्यावर हेलेनानं कळवलं, "इतकं सुंदर पॅकिंग आमच्याकडे आजवर आलेलं नाही. ते टाकून देववत नाही. ऑफिसात मांडून ठेवलं आहे."

मी वाचून दाखवलं. काकू जराशा विचारात पडल्या. "मांडलं व्हय? मग हळदी-कुंकवाला बायका बलावल्या का तिनं?"

* * *

पाठवण्याचा एक किस्सा मध्येच राहिला. कुरियरवाले पुसेगावला यायला तयार नव्हते. म्हणाले, वारंगा फाट्यावर आणून द्या, तिथून आमची गाडी जाते. नानांच्या जीपमधून मी, नाना आणि फाइल घेतलेले जोशीकाका असे निघालो.

फाट्यावर गाडी यायला वेळ होता. चहाच्या हॉटेलासमोर खोकं ठेवलं. झालं! गर्दी जमली.

"काय हाय यात?"

"दुर्बिणीची मोटर. युरोपला चालली दुरुस्तीला."

"युरोपला? काहून पाठवून राहिले येवढ्या लांब? मोटर हाय ना? आमचा मिस्त्री पंपाची मोटर डोळे झाकून बांधतो!"

मिस्त्री तिथंच चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, खिशातून टेस्टर काढला आणि खोक्याच्या चिकटपट्टीला लावला. मी दुसरं काहीच केलं नाही, सरळ खोक्यावर बसले! वर, मांडी घालून.

मिस्त्री म्हणाला, "ताई, उठा की. दहा मिंटाचं काम हाय. नुसतं खोलून बघतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून गर्जना आली.

"हात लावू नगंस! वॉरंटी हाय ती! शील तुटलं की खतम!"

नाना! पोळ्यापासून 'नांदेडच्या मिस्त्रीला दाखव' म्हणून माझं डोकं खाणारे नाना, हात पसरून माझ्यापुढे उभे होते. मग त्यांनी सगळ्या हॉटेलाला वॉरंटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सीरियल नंबरापासून. गाडी येईपर्यंत.

मी खोक्यावरून उतरले नाही. बसल्या जागी नुसती हसत होते.

* * *

आता शेवटचा. पण जीव टांगणीला नको, म्हणून निकाल आधीच सांगून टाकते. जिंकलो! दोष कंपनीचाच निघाला. कारखान्यातच एक दातेरी चाक सैल बसवलं होतं, ते वर्षभरात सटकलं. त्यांनी दिलगिरी कळवली आणि जुनं दुरुस्त करण्याऐवजी नवं माउंट पाठवलं. ते दिवाळीच्या आधी पुसेगावात पोचलं. त्या शनिवारी 'शनी' दाबल्यावर नळी शनीवरच गेली आणि मुलींची रांग जिन्यापर्यंत लागली. कपाटाच्या कुलपाची किल्ली नानांनी स्वतः माझ्या हातात दिली. फक्त खुर्ची ते आता जिन्यात टाकतात. धोका नको.

पण खरा किस्सा खोकं उघडतानाचा.

सगळे ओसरीवर जमलो होतो. काकू ताट घेऊन तयार. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. मी खोक्याच्या आडवी उभी राहिले.

"काकू, या वेळी नाही. कुंकू नाही, हळद नाही आणि नारळाचं पाणी तर मुळीच नाही! एकदा त्या हेलेनाला समजावलं. आता परत समजावणार नाही."

"बिनकुंकवाचं यंत्र घरात घेत न्हाईत, पोरी."

जोशीकाका म्हणाले, "या विषयावर ठराव मांडावा लागेल."

"मांडा! मी विरोधात!"

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. मीही बघितलं, आणि भांडायची पूर्ण तयारी ठेवली. नाना खाली बघत उपरण्याच्या टोकाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "वॉरंटी तिनं आनली. यंत्र तिचं. ती म्हनंल तसं."

ओसरीवर असं पहिल्यांदाच घडत होतं. काकूंनी ताट पायरीवर ठेवलं. जरा आपटूनच.

मी कात्रीनं पट्टी कापली. झाकण काढलं. पांढरा शुभ्र नवा फोम. दोन्ही हातांनी माउंट बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

समोरच्या सपाट भागावर, अगदी मधोमध, एक लाल गोल टिळा होता. मार्करनं काढलेला, घोटीव. त्याच्याखाली एक पिवळा, जरा लहान. बाजूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. मी मोठ्यानं वाचली आणि भाषांतरही केलं.

"कमिशनिंगची पायरी पाठवण्याआधीच पूर्ण केली आहे. हेलेना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना घसा खाकरून म्हणाले, "हे बग, आमी न्हाई लावलं."

काकू पुढे आल्या. वाकून बघितलं. टिळ्यावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. मग वळून त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

"मंग नारळ तेवढा ऱ्हाईला. जा, लांब जाऊन फोड."